इंग्रजीत मोठा आवाज लिहिताना

गणपतीच्या मिरवणुकीवर निबंध असला की माझी दहावीची मुलं ढोलाला 'व्हेरी लाउड' लिहितात, डीजेलाही आणि टाळ्यांनाही तेच. व्याकरण बरोबर, पण वाचणाऱ्याला काही ऐकूच येत नाही. म्हणून शब्दांची यादी देण्याआधी मी त्यांना दोन प्रश्न विचारते.

आवाज जाड की बारीक? घुमणारा, छातीत जाणवणारा असेल तर 'बूमिंग': तोफ, ढोल, माइकशिवाय देवळाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा कीर्तनकार. बारीक असेल तर 'श्रिल', जशी कुकरची शिट्टी. कानात घुसून दुखवत असेल तर 'पिअर्सिंग'. किंकाळीला हाच शब्द शोभतो. बाईच्या बोलण्याला मात्र श्रिल लिहू नका. त्यात हेटाळणी येते, 'हाय-पिच्ड' पुरे.

तो आवाज तुम्हाला आवडला का? माझ्या मते खरी गोम इथे आहे. 'थंडरस अप्लॉज' मध्ये भरभरून दाद आहे. 'ब्लेअरिंग' मध्ये वैताग आहे: एसटी स्टँडबाहेर अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न, शेजारचा टीव्ही. सनईच्या कौतुकात ब्लेअरिंग आलं की कौतुक संपलंच. टोळक्याचं कर्कश, बेताल हसणं 'रॉकस'.

'डेफनिंग', म्हणजे कान बधिर करणारा, जपून वापरा. शब्द मुळातच टोकाचा, त्याला 'व्हेरी' लागत नाही. जोर हवाच तर 'अ‍ॅब्सोल्यूटली डेफनिंग'. 1883 साली इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा जवळच्या एका जहाजाच्या कप्तानाने नोंदवलं, की निम्म्याहून अधिक खलाशांच्या कानांचे पडदे फाटले. तिथे डेफनिंग शब्दशः खरा. तोच स्फोट सुमारे 4,800 किलोमीटरवरच्या, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर दूरच्या तोफांसारखा ऐकू आला. तिथल्या माणसाच्या तोंडी 'अ डिस्टंट बूम' च हवं. तेव्हा ऐकणारा कुठे उभा आहे, तेही ठरवा.

आणि जमेल तिथे विशेषण सोडून क्रियापद घ्या. 'द हॉर्न्स वेअर व्हेरी लाउड' पेक्षा 'हॉर्न्स ब्लेअर्ड' आटोपशीर. मिरवणुकीतला ताशा ढोलापेक्षा बारीक आणि तडतडता, म्हणून दोघांना वेगळी क्रियापदं द्या: 'द ढोल्स बूम्ड, अँड द ताशाज रॅटल्ड अबव्ह देम.'