मोह यायच्या आधीचा तास

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. मोह येणं म्हणजे पाप नव्हे. मोह प्रभू येशूलाही आला. चाळीस दिवसांचा उपास, पोटात भूक, रानात एकटा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सगळं दिलेलं आहे. तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असं इब्रीकरांस पत्रात स्पष्ट म्हटलंय. तेव्हा मनात वाईट विचार आला म्हणून ‘मी देवाच्या उपयोगाचा राहिलो नाही’ असं ठरवून टाकू नका. असं ठरवलेला माणूस त्याच संध्याकाळी सहज पडतो, हे मी पाहिलंय. त्याला वाटतं, आता राखण्यासारखं उरलंय काय?

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पापाच्या पायऱ्या दिल्यात. वासना ओढते, भुलवते, मग तिच्यातून पाप जन्मतं आणि पाप वाढलं की मरण. शेवटच्या पायरीवर उभं राहून माणसाच्या हातात फारसं काही नसतं. जे करायचं ते पहिल्या दोन पायऱ्यांवर.

मी वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होते, आता घरीच असते. रविवारची उपासना सुटली की आमच्या चर्चच्या मंडळीतलं कोणी ना कोणी माझ्या पडवीत येऊन बसतं आणि थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणतं, “सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा.” प्रार्थना मी करतेच. देवाच्या कृपेशिवाय यातलं काहीच होत नाही, हे मनापासून मानते. पण प्रार्थना झाली की एक कोरा कागद पुढे ठेवते.

वॉर्डात ताप आलेल्या माणसाला आम्ही ‘ताप येऊ देऊ नकोस’ असं कधी सांगितलं नाही. ठरल्या वेळी मोजायचा आणि टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या तक्त्यावर, ठिपका द्यायचा. एक-दोन दिवसांत चढउताराची रेघ दिसायला लागली की डॉक्टरांना अंदाज यायचा. मोहाचाही असाच चार्ट ठेवा. रकाने चारच: किती वाजता, कुठे, सोबत कोण होतं, आणि त्याआधीच्या तासाभरात काय झालं. काय केलं याचं वर्णन लिहीत बसू नका, ते लिहिताना मन पुन्हा तिथेच रेंगाळतं. चौथा रकाना मात्र कधीही कोरा सोडू नका.

काजूच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. दर शनिवारी पिऊन घरी यायचा. रविवारी उपासनेत मान खाली घालून मागच्या बाकावर बसायचा. “सिस्टर, माका कळणाच नाय, पाय आपोआप थय वळतत,” म्हणाला. पाय आपोआप वळत नाहीत. कागद भरायला लागल्यावर त्याचं त्यालाच दिसलं. शनिवारी पगार रोख हातात. दुपारचा डबा उकाड्याने अर्धा तसाच राहिलेला. मुकादमाने चारचौघांत काहीतरी लावून बोललेलं. मग स्टँडवर यायचं तर एस.टी.ला पाऊण तास, आणि समोरच बार. म्हणजे हे बारच्या दारात सुरू होतच नव्हतं, दुपारी जेवण राहिलं तिथून सुरू होत होतं.

मग उपाय तिथेच केला. पगार बँकेत जमा करायला सांगितलं. शनिवारी डब्याबरोबर नाचणीचं आंबील द्यायचं आईने कबूल केलं, ते उकाड्यातही जातं. एस.टी. सोडून तो चुलतभावाच्या गाडीवर मागे बसून घरी यायला लागला. मुकादमाचं बोलणं काही थांबलं नाही, पण ते ऐकून घ्यायला घरी कोणीतरी होतं. अशा साध्या गोष्टींना अध्यात्म नाही म्हणून नाक मुरडू नका. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर झालं. भूक, राग, एकटेपण आणि थकवा, चौथ्या रकान्यात बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी सापडतं.

सगळ्या पापांशी उभं राहून लढायचं नसतं. शरीराच्या मोहापासून पळायचंच. योसेफाला त्याचा धनी पोटीफर याच्या बायकोने दररोज गळ घातली, तरी तो तिच्याजवळ थांबायलाच तयार नव्हता आणि शेवटी वस्त्र तिच्या हाती सोडून बाहेर धावला. दावीद राजा मात्र राजे लढाईवर जायच्या दिवसांत घरी राहिला. संध्याकाळी बिछान्यातून उठून गच्चीवर फिरत होता. तिथून दुसऱ्याची बायको अंघोळ करताना दिसली, मग चौकशी केली, मग तिला निरोप धाडला. प्रत्येक ठिकाणी थांबता येत होतं.

आपल्या किनाऱ्यावर ते रिकामे दिवस ठरलेले आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बाहेर पाऊस, हातात मोबाईल. घाणेरडे व्हिडिओ आणि मोबाईलवर पैसे लावून खेळायची रमी (2025 साली कायद्याने तिच्यावर बंदी आली), दोन्हींसाठी हेच दिवस सापडतात. पोरांना मी एवढंच सांगते: रात्री जेवल्यावर मोबाईल माजघरात चार्जिंगला, झोपायच्या खोलीत नाही. सकाळी उठायला गजराचं घड्याळ आणा, बाजारात स्वस्त मिळतं. रमीचं ॲप अजून फोनवर असेल तर काढाच, पण त्याला जोडलेलं बँक खातंही तोडा, नाहीतर ॲप दोन मिनिटांत परत येतं. आणि त्या तासाला दुसरं काम नेमा. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी एवढंच म्हणून पौल इफिसकरांना लिहिताना थांबला नाही. स्वतःच्या हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याकडे काही असेल, असंही लिहिलं. पावसाळ्यात जाळी विणायची, तुणायची असतात. मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराची कौलं परतायची असतात. रात्री नऊचा तास रिकामा ठेवून नुसतं ‘बघणार नाही, बघणार नाही’ म्हणत बसलात तर मन तेवढंच बघायला धावेल.

बायबलमधलं वचन तोंडपाठ हवं. रानात येशूने तिन्ही वेळा सैतानाला ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातलं वचन दिलं, आणि सैतानानेही त्याला स्तोत्र 91 म्हणून दाखवलं, हे लक्षात ठेवा. नुसतं वचन येणं पुरत नाही, आपल्या दुखण्यावरचं वचन लागतं. रागीट माणसाने स्तोत्र 23 पाठ केलंय आणि रागावरचं इफिस 4:26 माहीतच नाही, असं नको. एकच निवडा आणि मोह नसताना मोठ्याने म्हणा. चूल पेटवताना, बंदरावर जाताना. 1 करिंथ 10:13 मी सगळ्यांनाच देते, कारण देव मोहाबरोबर बाहेर पडायची वाटही करतो असं त्यात वचन दिलंय. ती वाट बहुतेक वेळा अगदी साधी असते: उठून दुसऱ्या खोलीत जाणं, फोन लावणं, जेवून घेणं.

आता सर्वांत अवघड भाग. एका माणसाला सांगा. “एकमेकांजवळ आपली पातकं कबूल करा,” असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांना पापनिवेदनासाठी फादरांकडे जायची शिस्त असते. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तशी ठरलेली सोय नाही, म्हणून ती मुद्दाम करावी लागते. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला सांगावं. शक्यतो वयाने मोठं माणूस, आणि ज्याच्या तोंडून दुसऱ्याची गोष्ट तुम्ही कधी ऐकली नाहीत असंच माणूस. प्रार्थना-विषयाच्या नावाखाली गावभर बातम्या पोचवणारी माणसं प्रत्येक मंडळीत असतात, त्यांच्यापासून लांब राहा. पापात पडल्यानंतर नाही, त्याआधीच त्या माणसाला फोन करायचा. लांबण लावायची गरज नाही. “मी स्टँडवर आहे, पगार झालाय,” एवढं पुरे. पलीकडच्यानेही प्रवचन देऊ नये. “तिथून चालत निघ, मी बोलत राहतो,” इतकंच म्हणावं.

दारू आणि मोबाईल यांवर सगळे बोलतात, कारण ती पापं दिसतात. आपल्यातली जड पापं कपाटात सातबाराच्या फायलीला लावून ठेवलेली असतात. दोन भाऊ एकाच बाकावर प्रभुभोजन घेतात आणि बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत. देवापुढे नैवेद्य आणलास आणि भावाच्या मनात काही आहे हे आठवलं, तर नैवेद्य तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूने सांगितलं. कोर्टातला दावा एका दिवसात मिटणार नाही हे मलाही कळतं. पण वकील त्यांचं काम करोत. तुम्ही त्याच्या घरी कोणी आजारी असेल तर पेज घेऊन जा. तारखेच्या दिवशी त्याला नाव घेऊन हाक मारा. रागाचा चार्ट ठेवलात तर दिसेल की तो बांधावर कमी आणि जेवताना घरच्यांनी विषय काढला की जास्त चढतो. जेवताना तो विषय बंद करा.

तसंच धंद्याचं. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा हापूसच्या पेटीत भरण्याचा मोह जायचा नाही. ‘सगळेच करतात’ हे वाक्य मनात आलं की थांबा आणि पेटी उघडा. आधी विकून झालं असेल तर नुसतं रडून भागत नाही. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत करायला उभा राहिला. गिऱ्हाईक सापडत असेल तर पैसे परत करा.

हे सगळं करूनही पडलात तर? त्याच दिवशी देवाकडे या. ‘चार दिवस नीट वागतो, मग प्रार्थना करतो’ असं म्हणू नका, ते चार दिवस कधी पुरे होत नाहीत. स्तोत्र 51 उघडा, मोठ्याने वाचा, आणि काय केलं ते त्याच्या खऱ्या नावाने देवाला सांगा. 1 योहान 1:9 मधलं क्षमेचं वचन अशाच माणसांना दिलेलं आहे. पुढच्या रविवारी उपासना चुकवू नका. प्रभूला धरलं त्या रात्री त्याचे शिष्य यहूदा आणि पेत्र, दोघेही पडले: एकाने त्याला धरून दिलं, दुसऱ्याने त्याला नाकारलं. यहूदा एकटा निघून गेला. पेत्र बाकीच्यांबरोबर राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला, म्हणून पुढे एका सकाळी किनाऱ्यावर मरणातून उठलेल्या प्रभूने विस्तव करून मासळी भाजत ठेवली तेव्हा तो तिथे सापडला.

शेवटी रोज पिणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी नर्स म्हणून सांगते, हे नीट वाचा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने उपासप्रार्थनेत साक्ष देऊन त्या क्षणी एकदम सोडली, तर जिवाला धोका होऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, माणसाला नसलेली माणसं, किडेमुंग्या दिसतात. काही घरांत त्याला भूत लागलं म्हणून माणसाला बांधून ठेवतात आणि मोलाचा वेळ जातो. सोडायची ठरली की आधी सरकारी रुग्णालयात दाखवा. झटके येऊ नयेत म्हणून औषधं असतात, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. सोबत जाणाऱ्याने लाज धरून ‘कधीतरी घेतो’ असं सांगू नये. रोज किती, कोणती, किती वर्षं आणि शेवटची कधी घेतली, हे खरं सांगावं. पाळकसाहेबांना बोलवायचं असेल तर वॉर्डात बोलवा, खाटेजवळ प्रार्थना करायला कोणी अडवत नाही.