इसिडोरच्या ज्ञानकोशाच्या हस्तलिखित प्रती वाचताय? या चुका टाळा

सेव्हिलचा बिशप इसिडोर 636 मध्ये वारला. त्याचा ‘एटिमोलॉजिए’ हा वीस खंडांचा लॅटिन ज्ञानकोश पुढे शतकानुशतकं युरोपभर हाताने उतरवला गेला. पूर्ण-अपूर्ण धरून सुमारे हजार प्रती आज शिल्लक आहेत. त्यांतल्या बऱ्याच आता घरबसल्या पडद्यावर दिसतात, आणि तिथेच घाई सुरू होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संक्षेपचिन्हांचा, म्हणजे शब्द आखूड लिहिण्याच्या खुणांचा, एकच तक्ता सगळ्या प्रतींना लावणं. ‘पी’च्या दांडीला आडवी रेघ म्हणजे ‘पेर’, आणि वळसा म्हणजे ‘प्रो’, असं नवशिका पाठ करतो. पण स्पेनच्या व्हिसिगॉथिक लिपीत तो वळसाच ‘पेर’ असतो! माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली टोलेडोची प्रत याच लिपीत आहे. एका हुशार मुलाने तिचं लिप्यंतर मला तपासायला दिलं होतं. जागोजागी ‘पेर’चं ‘प्रो’ झालेलं. ‘पेर्फेक्टुस’ म्हणजे पूर्ण आणि ‘प्रोफेक्टुस’ म्हणजे निघालेला, दोन्ही खरेच शब्द, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. सुट्या ‘पेर’ आणि ‘प्रो’ या अव्ययांबरोबर येणाऱ्या नामांच्या विभक्त्याही वेगळ्या. त्या जुळेनात तेव्हा त्याने समासात टीप लिहिली, ‘लेखनिकाचं व्याकरण कच्चं’. बाराशे वर्षांपूर्वी ते चर्मपत्र लिहिणाऱ्यावर हा अन्याय आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. सगळं लिप्यंतर पुन्हा करावं लागलं.

मी छापील तक्त्यावर विसंबत नाही. परिचयाचा एखादा उतारा त्याच प्रतीत शोधते आणि त्यावरून पेन्सिलीने चिन्हांची यादी करते. याच लिपीतला उघडा ‘ए’ हुबेहूब ‘यू’सारखा दिसतो, तोही यादीत जातो. लेखनिकाचा हात बदलला की नवी यादी. मोडी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

लिंडसेने संपादित केलेली या ज्ञानकोशाची 1911 ची छापील ऑक्सफर्ड आवृत्ती शेजारी उघडी ठेवून लिप्यंतर करू नका. डोळा छापलेलंच वाचतो आणि प्रतीतला खरा पाठभेद निसटतो. आधी लिहा, मग पुस्तक उघडा. वेळ वाचतो ही सबब मला पटत नाही. वेळ वाचवायचा असेल तर छापील आवृत्तीच वाचावी.

लेखकाचा काळ प्रतीला चिकटवू नका. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनचे आयरिश लिपीतले तुकडे सातव्या शतकातले आहेत, तर स्टॉकहोमच्या ‘कोडेक्स गिगास’ या प्रचंड हस्तलिखित ग्रंथातली प्रत तेराव्या शतकातली.

स्पेनमधल्या लेखनिकांच्या ‘बी’-‘व्ही’ अदलाबदली गुपचूप सुधारू नका. प्रत कुठली हे ओळखायला त्यांची मदत होते.

या प्रतींतला वर्तुळातला जगाचा नकाशा उत्तर वर धरून पाहू नका. वर पूर्व म्हणजे आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका.

आणि संदर्भ देताना पान क्रमांक लिहू नका. पत्राचा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून होणाऱ्या एका अख्ख्या पानाचा, क्रमांक द्या, पुढची बाजू की मागची ते लिहा, दोन रकाने असतील तर रकानाही नोंदवा.