गोषवारा कसा काढावा

माझी नोकरी तहसील कचेरीत गेली, शेवटची वर्षं अव्वल कारकून म्हणून. परवा भाचीचा फोन आला. तिला शोधनिबंधाच्या माथ्यावर २५० शब्दांचा गोषवारा द्यायचा होता. "मामा, गोषवारा म्हणजे सारांशच ना?" म्हणाली. मला राहवलं नाही.

शब्द फारसी. गोश म्हणजे कान. हिंदीतला खरगोश म्हणजे गाढवासारख्या कानांचा. गोशवारा म्हणजे कानातलं डूल, आणि हिशेबनिसांच्या बोलीत जमाखर्चाचा एकत्र ताळा. मराठीत बहुधा ष लिहितात. श दिसला तर तो लिहिणाऱ्यावर खेकसू नका. कचेरीत हा शब्द अजून हिशेबाचाच आहे. तलाठ्याच्या दप्तरात 'गाव नमुना एकचा गोषवारा' असतो. गावातली जमीन कोणत्या प्रकारची किती, ते त्यात एका ठिकाणी सापडतं.

म्हणून वापरताना एवढं बघा. सारांश सांगतात, तात्पर्य गोष्टीचं असतं, संक्षेप मोठ्या ग्रंथाचा करतात. गोषवारा मात्र काढतात, आणि तो ज्याचा काढला त्याच्याशी ताडून बघता येतो. सिनेमाचा गोषवारा सांग असं कोणी म्हणत नाही. पंचनाम्यांचा, जमाखर्चाचा, अहवालाचा म्हणतात. आणि 'गोषवाऱ्यात' लिहा. 'गोषवारामध्ये' वाचलं की माझे दात आंबतात.

आता काढायचा कसा. मूळ कागद पुरा झाल्याशिवाय सुरुवात करू नका. आधी एकदा हातात पेन न घेता वाचा. मग स्वतःला विचारा, साहेबांनी दारातच अडवून "काय निघालं?" विचारलं तर पहिलं वाक्य कोणतं तोंडातून येईल? तेच वर घाला. भाचीने सुरुवात केली होती 'प्रस्तुत शोधनिबंधात विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास करण्यात आला असून महत्त्वपूर्ण निष्कर्ष मांडण्यात आले आहेत' अशी. अगं, निष्कर्ष कुठले ते सांग की! तिच्याकडून वदवून घेतलं तेव्हा हे निघालं: 'तीन गावांतल्या २४ विहिरींची पातळी दोन उन्हाळे मोजली. पाझर तलावाजवळच्या विहिरींना एप्रिलअखेर पाणी होतं, लांबच्या कोरड्या पडल्या होत्या.' शब्द पाचच वाढले, पण आता हाताला काहीतरी लागतं.

गाळायचं काय, हे सगळ्यांना आपोआप कळतं. काय गाळायचं नाही, तिथे घोळ होतो. माझाच सांगतो. गारपिटीनंतर गावोगावचे पंचनामे आले होते आणि रात्री बसून मी त्यांचा गोषवारा करत होतो. एका शेतकऱ्याचं नुकसान ०.४० हेक्टर, म्हणजे ४० आर, साधारण एकरभर. मी घाईत शेवटचं शून्य सोडून ०.४ लिहिलं. गणितात काही चुकलं नाही. पण आमच्यात टिंबाच्या पुढे आर वाचायची सवय, म्हणून पुढच्या टेबलावर त्याचे चार आर झाले. तळाची बेरीज मूळ कागदांशी जुळेना म्हणून सापडलं, नाहीतर त्या माणसाला चार गुंठ्यांचे पैसे मिळाले असते. तेव्हापासून तळाची बेरीज मी मूळ कागदांवरून नव्याने करतो, माझ्याच आकड्यांवरून कधीच नाही.

आकड्यांसारखेच बारके शब्द. 'असल्यास', 'वगळून', 'मात्र', 'पर्यंत'. 'कागदपत्रे पूर्ण असल्यास मंजूर' याचं कोणी 'मंजूर' करून ठेवलं की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते. उलट 'सदरहू', 'करण्यात येत आहे', 'प्राचीन काळापासून' खुशाल उडवा. उदाहरणं, आभार, मागच्यांनी काय म्हटलं, हेही. आणि मुळात नाही ते गोषवाऱ्यात घुसवू नका, कितीही सुचलं तरी. प्रत्येक वाक्यासमोर मूळ कागदाचं पान पेन्सिलीने टाका. ज्याला पान मिळत नाही ते वाक्य तुमचं, कागदाचं नाही.

भाचीने दुरुस्त करून पाठवला तो २५३ शब्दांचा. मग मर्यादेत बसवायला तिने 'उथळ विहिरी वगळून' एवढंच नेमकं काढलं, वर दोन ठिकाणी 'सविस्तर आणि सखोल' तसंच. मी फोन केला. विहिरी परत आल्या, सखोल गेलं, आणि शेवटी २४७ भरले.