विद्युतक्षेत्राने चुंबकत्व वळवण्याच्या परिषदेला जाताना : संशोधक विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका

चुंबकाची दिशा बदलायची तर एरवी तारेतून किंवा खुद्द चुंबकातून प्रवाह वाहवावा लागतो. प्रवाह आला की उष्णता आली, आणि स्मृतिचिप जितकी दाट तितकी ही उष्णता डोईजड होत जाते. प्रवाहाऐवजी नुसत्या व्होल्टेजने चुंबकत्व वळवता येईल का, या प्रश्नाभोवती भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, पदार्थवैज्ञानिक आणि चिपवर काम करणारे अभियंते एका सभागृहात जमतात. अशा परिषदेला पहिल्यांदा जाणाऱ्या एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची अडचण भाषेची नसते. ‘आम्ही विद्युतक्षेत्राने चुंबकत्व बदलले’ हे एकच वाक्य पाच वक्ते पाच वेगळ्या अर्थांनी बोलतात, आणि त्यांतला कोणता अर्थ समोर आहे हे ओळखता आले नाही, तर दोन दिवसांत डोक्यात नुसता गोंधळ उरतो. पुढील सूचना प्रामुख्याने ही ओळख पटावी यासाठी आहेत.

जाण्यापूर्वीचे वाचन

इतिहासापासून सुरुवात करावी. तो फार लांबलचक नाही. पदार्थाच्या सममितीमुळे विद्युतक्षेत्राने चुंबकन (पदार्थाचे स्वतःचे चुंबकत्व) निर्माण होऊ शकेल, असे पिएर क्युरी यांनी १८९४ मध्ये सुचवले होते. द्झ्यालोशिन्स्की यांनी १९५९ मध्ये क्रोमियम ऑक्साइड या एका विशिष्ट पदार्थाचे नाव घेतले आणि पुढच्याच वर्षी अस्त्रोव यांनी तो परिणाम प्रत्यक्ष मोजला. हा परिणाम किती लहान आहे हे स्वतः आकडेमोड करून पाहावे. क्रोमियम ऑक्साइडचा मॅग्नेटोइलेक्ट्रिक गुणांक, म्हणजे लावलेल्या विद्युतक्षेत्रामागे किती चुंबकन मिळते याचे माप, जास्तीत जास्त सुमारे ४ पिकोसेकंद प्रति मीटर आहे. १ मिलिमीटर जाडीच्या स्फटिकावर १ किलोव्होल्ट लावले, तर क्षेत्र होते दहा लाख व्होल्ट प्रति मीटर, आणि गुणाकार करून मिळतात ४ मायक्रोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दहाव्या भागाच्या आसपास. शिवाय या पदार्थाची चुंबकीय मांडणी ३०७ केल्विनला, म्हणजे ३४ अंश सेल्सियसला विस्कटते; मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी वातानुकूलन बंद पडले, तर प्रयोगही बंद. ही एक आकडेमोड वहीत असली की परिषदेतला प्रत्येक मोठा दावा कशाशी ताडून पाहायचा, हे आपोआप कळते.

या विषयाची पहिली स्वतंत्र परिषद १९७३ मध्ये सिएटलला झाली आणि दुसरी थेट १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधील अस्कोना येथे. मधल्या वीस वर्षांचे अंतर विषयाची तेव्हाची अवस्था सांगते. एकाच वेळी चुंबकीय आणि फेरोइलेक्ट्रिक (क्षेत्राने उलटवता येणारे कायमचे विद्युत ध्रुवीकरण असलेला) असणाऱ्या पदार्थासाठी ‘मल्टिफेरॉइक’ ही संज्ञा हान्स श्मिड यांनी १९९४ मध्ये रूढ केली. निकोला स्पाल्डिन यांनी २००० साली चुंबकीय फेरोइलेक्ट्रिक इतके दुर्मीळ का असतात हा प्रश्न मांडला, आणि त्याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या रचनेत शोधले : नेहमीचे फेरोइलेक्ट्रिकत्व ज्या आयनांमुळे येते त्यांचे ‘डी’ कक्षक बहुधा रिकामे असतात, तर चुंबकत्वाला तेच कक्षक अंशतः भरलेले लागतात. बिस्मथ फेराइटचे पातळ थर आणि टर्बियम मँगनाइट यांवरचे दोन शोधनिबंध २००३ मध्ये आले आणि विषय पुन्हा उसळला. त्यांपैकी बिस्मथ फेराइटच्या थरांत दिसलेल्या मोठ्या चुंबकनाच्या आकड्यावर पुढे जाहीर वाद झाला. तो वाद मूळ निबंधाइतकाच लक्षपूर्वक वाचावा, कारण या क्षेत्रात काय चुकू शकते याचे शिक्षण त्यातून उत्तम मिळते.

वक्ता कोणत्या घराण्याचा आहे, हे ओळखणे

गोषवारा वाचताना पहिल्या दोन ओळींतच ठरवावे की विद्युतक्षेत्र नेमके कोणत्या वाटेने चुंबकापर्यंत पोहोचते आहे.

पहिली वाट पदार्थाच्या अंगभूत जोडणीची : क्रोमियम ऑक्साइड, बिस्मथ फेराइट, टर्बियम मँगनाइट. इथे परिमाण लहान असते. बिस्मथ फेराइट तर अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारच्या अणूंची चुंबकत्वे उलट दिशांना असल्याने एकमेकांना मिटवणारा) असून त्याचे स्पिन सुमारे ६२ नॅनोमीटर लांबीच्या चक्राकार मांडणीत फिरत असतात, त्यामुळे बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणूनच त्याच्यावर कोबाल्ट-लोखंडाचा थर बसवून त्या थराचे चुंबकन वळवण्याचा मार्ग निघाला. रामामूर्ती रमेश यांच्या बर्कली येथील गटाने २०१४ मध्ये सामान्य तापमानाला तो दाखवला.

दुसरी वाट ताणाची. पीझोइलेक्ट्रिक पदार्थ व्होल्टेजने आकसतो किंवा पसरतो आणि त्याला चिकटलेला चुंबक त्या ओढाताणीमुळे दिशा बदलतो. दोन सामान्य पदार्थांच्या गुणांचा असा गुणाकार करण्याची कल्पना फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील व्हान सुख्तेलेन यांनी १९७२ मध्ये मांडली. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ही वाट सर्वांत ओळखीची असते, कारण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासह अनेक ठिकाणी फेराइटवर दीर्घकाळ काम झाले आहे आणि फेराइट व बेरियम टायटनेट यांची भुकटी मिसळून, दाबून, भट्टीत भाजून संमिश्र पदार्थ करणे साध्या प्रयोगशाळेतही शक्य असते. इथे एककांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. संमिश्र पदार्थांचे लोक गुणांक व्होल्ट प्रति सेंटिमीटर-ओर्स्टेड यात सांगतात, आणि तो आकडा क्रोमियम ऑक्साइडच्या आकड्याशेजारी ठेवायचा तर मधे पदार्थाचा परावैद्युत स्थिरांक घालावा लागतो. तो १,००० धरला, तर १ व्होल्ट प्रति सेंटिमीटर-ओर्स्टेड म्हणजे साधारण ११ नॅनोसेकंद प्रति मीटर, अर्थात क्रोमियम ऑक्साइडच्या सत्तावीसशे-अठ्ठावीसशे पट. एवढा मोठा आकडा ऐकून दबून जाऊ नये. तो यांत्रिक अनुनादाच्या वारंवारितेवर मोजला आहे का आणि त्यासाठी बाहेरून किती स्थिर चुंबकीय क्षेत्र लावावे लागले, हे आधी विचारावे.

तिसरी वाट पृष्ठभागावरच्या विद्युतभाराची. धातूत विद्युतक्षेत्र एका नॅनोमीटरच्या अंशापलीकडे शिरत नाही, म्हणून इथे चुंबक काही अणुथरांइतकाच जाड ठेवतात. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये लोखंडाचा अतिपातळ थर आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांच्या सांध्यावर चुंबकाची पसंतीची दिशा व्होल्टेजने बदलून दाखवली. या परिणामाचे एकक फेम्टोज्यूल प्रति व्होल्ट-मीटर आहे. गुणांक १०० असेल आणि १ नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडवर १ व्होल्ट लावला, तर सांध्यावरच्या ऊर्जेत ०.१ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर इतका फरक पडतो; सांध्याची मूळ ऊर्जा मात्र साधारण १ मिलिज्यूलच्या घरात असते. म्हणजे ऑक्साइड फुटायच्या बेताला आणूनही दहा टक्के. हे गणित ज्याला तोंडपाठ आहे, त्याला या सत्रातील निम्मी चर्चा सहज समजते.

चौथ्या वाटेवर अर्धवाहक आणि द्विमितीय पदार्थ येतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील ओहनो यांच्या गटाने २००० साली इंडियम मँगनीज आर्सेनाइडमध्ये चुंबकत्व चालू-बंद करून दाखवले, पण ते द्रव नायट्रोजनच्याही खूप खालच्या तापमानाला. क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या अणुथरांवरचे २०१८ चे प्रयोगही थंडीतलेच. पाचवी वाट आयनांची : व्होल्टेजमुळे ऑक्सिजनसारखे आयन जागा सोडून चुंबकात शिरतात आणि त्याचे रसायनच बदलते. परिणाम मोठा मिळतो, पण तो बहुधा संथ असतो. माझ्या मते पाचव्या वाटेला चौथी किंवा तिसरी समजण्याची चूक या क्षेत्रात सर्वाधिक वेळा होते.

सभागृहात बसल्यावर

प्रत्येक भाषणाला पहिला प्रश्न मनातल्या मनात सममितीचा विचारावा. काळ उलटा फिरवला तर चुंबकनाची दिशा उलटते, विद्युतक्षेत्राची मात्र उलटत नाही. त्यामुळे नुसते स्थिर विद्युतक्षेत्र ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन चुंबकीय अवस्थांपैकी एकीची निवड स्वतःहून करू शकत नाही. चुंबकाला ९० अंशांनी आडवा पाडणे त्याला जमते, पण पूर्ण १८० अंश वळवायचे तर जोडीला काहीतरी लागते. ते काहीतरी लहानसे चुंबकीय क्षेत्र असेल, नॅनोसेकंदाच्या हिशेबात अचूक तोडलेला व्होल्टेजचा स्पंद असेल किंवा शेजारच्या अँटिफेरोमॅग्नेटिक थराने आधीच केलेली निवड असेल. क्रोमियम ऑक्साइडच्या अवस्था उलटवतानाही विद्युत व चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रे एकत्र लावतात. वक्त्याने १८० अंशांचा दावा केला आणि तो मदतनीस कुठे दिसला नाही, तर हात वर करावा.

दुसरे लक्ष आलेखाच्या आकारावर असावे. आडव्या अक्षावर विद्युतक्षेत्र आणि उभ्या अक्षावर चुंबकन असताना फुलपाखराच्या पंखांसारखी दुहेरी आकृती दिसली, तर बहुधा ताण काम करतो आहे, कारण ताणाचा आलेखही तसाच असतो. ध्रुवीकरणाच्या आलेखासारखा उघडा फास (क्षेत्र वाढवताना एका आणि घटवताना दुसऱ्या वाटेने जाणारी रेषा) दिसला, तर भाराचा संशय घ्यावा. मात्र काही शिसेयुक्त पीझोइलेक्ट्रिक स्फटिकांत, विशिष्ट कापाच्या दिशेने, ताणही टिकून राहतो आणि असाच फास देतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. व्होल्टेज काढल्यावरही परिणाम राहिला आणि तो यायला सेकंद किंवा मिनिटे लागली, तर आयनांकडे बोट जाते.

तिसरी गोष्ट गळती प्रवाहाची. केंब्रिजच्या जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये केळ्याच्या सालीवर इलेक्ट्रोड लावून सुरेख बंद फास मिळवला आणि तो छापला. केळ्याची साल फेरोइलेक्ट्रिक नाही, ती फक्त वीज गळवते. त्यानंतरही असले गोल, टोके निमुळती न होणारे फास पोस्टरवर दिसत राहतात ही खेदाची बाब आहे. तसेच, चुंबकीय क्षेत्रात धारिता बदलली म्हणजे मॅग्नेटोइलेक्ट्रिक जोडणी सिद्ध झाली असे नव्हे. पदार्थाचा रोध चुंबकीय क्षेत्रात बदलत असेल आणि इलेक्ट्रोडजवळचा थर वेगळा असेल, तर जोडणी नसतानाही धारिता बदललेली दिसते, हे कातालान यांनी २००६ मध्ये दाखवून दिले आहे. गळतीमुळे नमुना तापतो आणि तापल्यानेही चुंबकन घटते. व्होल्टेजची दिशा उलटवली असता परिणामाची दिशा उलटते का, हा साधा प्रश्न इथे उपयोगी पडतो, कारण उष्णतेला धन-ऋण कळत नाही.

चुंबकन मोजण्याच्या उपकरणाबद्दलही विचारावे. पोलादी चिमट्याने उचललेल्या नमुन्याच्या कडेला १० मायक्रोमीटर बाजूचा लोखंडाचा एक कण चिकटला, तरी त्याचे चुंबकीय आघूर्ण दीड मायक्रो-ईएमयूच्या (ईएमयू हे चुंबकीय आघूर्णाचे एकक) वर जाते, आणि १०० नॅनोमीटरच्या दुबळ्या चुंबकीय थराचा सगळा संकेत अनेकदा तेवढाच असतो. चिमटा प्लॅस्टिकचा होता का, हा प्रश्न पोरकट वाटतो, पण जाणकार वक्ता त्याला हसत नाही. प्रकाशाच्या परावर्तनाने चुंबकन मोजले असेल, तर व्होल्टेजने नमुना वाकून किरण सरकला का, हे पाहावे.

प्रश्न विचारताना एकच विचारावा, तोही दोन वाक्यांत. मोठ्या सभांमध्ये वेळ फार तोकडा असतो. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या मार्च सभेत साधारण भाषणाला १० मिनिटे आणि प्रश्नांना २ मिनिटे मिळत आली आहेत. खरी चर्चा चहाच्या रांगेत होते. गॉर्डन परिषदांसारख्या सभांत अप्रकाशित काम मोकळेपणाने मांडले जाते आणि तिथे स्लाइडचे फोटो काढायला मनाई असते. तो नियम काटेकोर पाळावा.

स्वतःचे पोस्टर

पोस्टरच्या मध्यभागी एकच आलेख मोठा असावा : शून्य, धन आणि ऋण अशा तीन व्होल्टेजना घेतलेले चुंबकनाचे फास, एकमेकांवर. त्याच्या कोपऱ्यात त्याच नमुन्याचा, त्याच व्होल्टेजपर्यंतचा गळती प्रवाह द्यावा. थराची जाडी, इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ, मोजमापाचे तापमान आणि किती नमुन्यांवर परिणाम दिसला हे आलेखाखालीच लिहावे, कारण पोस्टरसमोर थांबणारा अनुभवी माणूस या चार गोष्टी शोधतो आणि सापडल्या नाहीत तर नम्रपणे मान हलवून पुढे जातो. व्होल्टेजबरोबर विद्युतक्षेत्रही द्यावे. ५ व्होल्ट हा आकडा जाडी कळल्याशिवाय निरर्थक आहे. स्मृतिचिपच्या ऊर्जाबचतीवर अर्धे पोस्टर खर्च करण्याचा मोह आवरावा. समोरच्याला ते माहीत असते, आणि तुमच्या नमुन्यावरून तसा निष्कर्ष बहुधा निघतही नाही.

प्रवासखर्चाचे अर्ज आणि व्हिसा यांची तयारी गोषवारा स्वीकारला जाण्याची वाट न पाहता सुरू करावी. गाइडची सही आणि विद्यापीठाचे ना-हरकत पत्र मिळवण्यातच बराच वेळ जातो. नमुने सोबत न्यायचे असतील, तर ते काय आहेत हे सांगणारे पत्र विभागप्रमुखांच्या सहीने जवळ ठेवावे, विशेषतः शिसेयुक्त पीझोइलेक्ट्रिक असतील तेव्हा.

परतल्यावर आठवडा उलटण्याआधी टिपणे नीट लिहून काढावीत. प्रत्येक भाषणासमोर वाट कोणती, तापमान किती, १८० अंश की ९० आणि नियंत्रण-प्रयोग कोणता दाखवला, एवढ्या चारच नोंदी पुरतात. ज्या भाषणासमोर चौथा रकाना रिकामा राहिला असेल, त्या वक्त्याला थोडक्यात ई-मेल लिहून तेवढेच विचारावे, आणि आपल्याच पोस्टरसमोरचा तो रकाना रिकामा असेल, तर तो नियंत्रण-प्रयोग पुढच्या महिन्याच्या उपकरण-वेळापत्रकात आधी नोंदवावा.