काखेचं डिसेक्शन: टॅबलेट कधी उघडायचा, कधी बंद करायचा

ब्रेकियल प्लेक्सस (काखेतून हाताकडं जाणारं नर्व्हचं जाळं) शिकवताना आधी अर्धा तास थ्रीडी अ‍ॅप दाखवलं की मेडिकलची मुलं डिसेक्शनच्या टेबलावर पिवळी नर्व्ह शोधत बसतात. फॉर्मॅलिनमधल्या देहात पिवळं, लाल, निळं काही नसतं, सगळं तपकिरी-राखाडी. म्हणून सुरुवातीला स्क्रीन १० मिनिटंच. पेक्टोरॅलिस मेजर, मायनर हे छातीचे स्नायू, मग काखेतली अ‍ॅक्सिलरी व्हेन असे थर एकेक लपवून दाखवा आणि टॅबलेट बंद करा.

बेळगावात खानापूर-निपाणीची मराठी आणि गोकाककडची कन्नड मुलं एकाच टेबलाभोवती उभी असतात. मराठीत ‘नस’ म्हणजे शीरही आणि नर्व्हही. कन्नडमधल्या ‘नर’चीही तीच गत. बाकी समजावणं कुठल्याही भाषेत चालेल, पण धमनी, शीर आणि चेतातंतू या तिघींना आर्टरी, व्हेन, नर्व्ह असंच म्हणायला लावा.

सगळ्यात जास्त गोंधळ हाताच्या स्थितीनं होतो. अ‍ॅपमधला हात अंगालगत, टेबलावरचा ९० अंश बाहेर काढलेला. स्क्रीनवर व्हेन आर्टरीच्या आतल्या बाजूला दिसते, हात बाहेर नेला की ती आर्टरीच्या पुढं येते. हे आधी सांगितलं नाही तर मुलं व्हेनलाच आर्टरी समजून चालतात.

चरबी काढताना कात्रीची टोकं मिटून आत घाला आणि मग उघडा. व्हेनला मिळणाऱ्या बारीक शिरा छाटल्या की मागचं दिसू लागतं. ओळख बोटानं पटवा: नर्व्ह भरीव दोरीसारखी, आर्टरी जाड भिंतीची पोकळ नळी, व्हेन चपटी, पातळ. आर्टरीच्या तिसऱ्या भागापुढं (पेक्टोरॅलिस मायनरच्या पलीकडं) नर्व्हचा इंग्रजी एम सापडला पाहिजे: बाहेरचा पाय मस्क्युलोक्युटेनियस, आतला अल्नर, मधल्या व्हीतून निघते ती मेडियन.

आता टॅबलेट पुन्हा उघडा. तो पारदर्शक पिशवीत हवा, आणि धरणारा एकच, ग्लोव्ह्ज न घातलेला. मॉडेल आधीच डाउनलोड केलेलं असू द्या, पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही दगा देतात. देहाचे फोटो मात्र कुणीही काढायचे नाहीत.

एम जुळला नाही तर चूक मुलांचीच असेल असं नाही. मस्क्युलोक्युटेनियस कधी कोराकोब्रॅकियालिस या दंडाच्या स्नायूला भेदतच नाही, कधी मेडियनला एक धागा देते. अ‍ॅपमध्ये तो नाही म्हणून मुलं ‘जादाचा’ समजून छाटून टाकतात. कात्री थांबवा, जर्नलमध्ये (प्रॅक्टिकलच्या वहीत) आकृती काढून घ्या आणि शेजारच्या टेबलावरच्यांनाही बोलावून दाखवा.