घरच्या इनक्युबेटरमधला ओलावा कसा सांभाळावा

कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि उबवणीच्या पहिल्या १८ दिवसांत त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाऊन अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटावे लागते. पाणी जेवढे जाते तेवढी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते आणि कवच फोडण्यापूर्वी पिल्लू आपला पहिला श्वास याच पोकळीत घेते. पोकळी लहान राहिली तर पूर्ण वाढलेले पिल्लूही आतल्या आत गुदमरते. उलट अंडे फार सुकले तर आतला पापुद्रा चिवट होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला कवचात फिरता येत नाही. आर्द्रता सांभाळायची ती या वजनघटीसाठी, हे ध्यानात न घेता केवळ यंत्रावरच्या आकड्याकडे पाहत बसणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक असते.

पंखा असलेल्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या पेटीत, तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के, हे कोंबडीच्या अंड्यांसाठीचे सर्वसाधारण प्रमाण आहे. मात्र स्वस्तातले आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून अंडी ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि ते झाकण व मापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. त्याने ६८ दाखवले तर पुढे प्रत्येक वेळी सात मिळवून वाचावे. मापकच नसेल तर साध्या तापमापकाच्या गोळ्यावर सुती बुटाची लेस चढवून तिचे दुसरे टोक पाण्यात सोडावे. पेटीतील कोरडा तापमापक ३७.५ दाखवत असताना हा ओला तापमापक २९ च्या आसपास असेल तर आर्द्रता ५० ते ५५ टक्के आहे, आणि ३२ च्या जवळ असेल तर ती शेवटच्या तीन दिवसांना पुरेशी आहे.

पेटीत किती पाणी ठेवावे हे बाहेरची हवा ठरवते आणि मराठवाड्यात ही हवा वर्षातून तीन वेगळी रूपे घेते. पावसाळ्यात २७ अंशांची, ८५ टक्के दमट हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सुमारे ४७ टक्के भरते. म्हणजे थेंबभर पाणी न ठेवताही काम जवळपास भागते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या झडीत मी उन्हाळ्याच्या सवयीने दोन्ही वाट्या भरून ठेवल्या आणि २४ अंड्यांतली नऊ अंडी तशीच राहिली; फोडून पाहिली तेव्हा आत फुगलेली, ओलीचिंब पिल्ले होती. हिवाळ्याची गोष्ट मात्र अनेकांना खरी वाटत नाही. पहाटेची १२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा अंगाला ओलसर भासते, पण तीच पेटीत तापल्यावर १३ टक्क्यांवर येते आणि मे महिन्यातील दुपारच्या झळांइतकीच कोरडी ठरते. मे महिन्यात आणखी एक अडचण असते. खोलीच ३८ अंशांपुढे गेली तर इनक्युबेटर अंड्यांना थंड करू शकत नाही, म्हणून पेटी पत्र्याच्या खोलीत न ठेवता माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातील आतल्या खोलीत ठेवावी. त्या खोलीत कूलर चालत असेल तर हवा आधीच दमट असते, हे पाणी भरताना विसरू नये.

ओलावा वाढतो तो पाण्याच्या खोलीमुळे नव्हे, तर त्याच्या उघड्या पृष्ठभागामुळे. उंच पेल्यापेक्षा पसरट ताटली बरी, आणि तेवढ्यानेही आकडा चढत नसेल तर ताटलीत स्पंज उभा करावा. आपल्याकडील बोअरच्या पाण्यातील क्षार स्पंजवर पांढरे साचतात आणि मग तो पाणी ओढत नाही, म्हणून उकळून गार केलेले किंवा फिल्टरचे पाणी वापरावे व स्पंज दर बॅचला बदलावा. पाणी कोमट असावे. पेटी सारखी उघडावी लागू नये म्हणून सलाईनची नवी नळी हवेच्या छिद्रातून ताटलीपर्यंत सोडून सिरिंजने पाणी भरणे फार सोयीचे पडते. अंड्यांवर पाणी फवारू नये आणि ओलावा टिकावा म्हणून हवेची छिद्रे तर कधीही बुजवू नयेत, कारण शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो.

आता वजनाकडे वळू. एकेक अंडे साध्या काट्यावर तोलण्यात अर्थ नाही, कारण दिवसाची घट पाव-अर्धा ग्रॅमच असते. सगळी एकत्र तोलावीत. गावरान कोंबडीची ४५ ग्रॅमची २० अंडी ९०० ग्रॅम भरतात. त्यांतील १२ टक्के म्हणजे १०८ ग्रॅम १८ दिवसांत जायला हवेत, म्हणजे रोजचे सहा. सातव्या दिवशी काट्यावर ८५८ च्या आसपास दिसले तर काही बदलू नये. ८४० दिसले तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा आणि ८७५ दिसले तर ताटली काढून घ्यावी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक घालून त्याचे पहिल्या दिवसाचे वजन वहीत लिहिले असेल, तर बॅटरीच्या उजेडात वांझ निघालेले अंडे बाजूला करताना त्याचे वजन हिशेबातून वजा करता येते.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवावे, ताटल्या भरून आर्द्रता ६५ च्या वर न्यावी आणि झाकण लावून टाकावे. कवचाला पहिला टवका उडाल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. या काळात मदत करण्याचा मोह अनावर होतो, पण झाकण उघडताच दमट हवा निसटते, पापुद्रा सुकतो आणि टवका उडालेल्या इतर अंड्यांतली पिल्ले अडकतात. लाइट गेली तरी झाकण उघडू नये. छिद्रे मोकळी ठेवून पेटीवर गोधडी टाकावी. बाहेर आलेल्या पिल्लांच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यामुळे २४ तास दाणापाण्यावाचून त्यांचे अडत नाही. ती वाळू लागली की आर्द्रतेचा आकडा आपोआप चढतो, त्याने घाबरू नये.

बावीस दिवस उलटूनही न फुटलेली अंडी फेकण्यापूर्वी रुंद टोकाकडून फोडून पाहावीत. पोकळी लहान आणि पिल्लू ओले, फुगीर असेल तर ओलावा जास्त झाला. पोकळी मोठी आणि पापुद्रा कागदासारखा चिकटलेला असेल तर कमी पडला, आणि तसा शेरा वहीत वजनांच्या खाली, महिन्यासह लिहून ठेवावा.