सोसायटीतील जुनी औषधे: पेटी ठेवण्याआधी ती कुठे रिकामी होणार ते ठरवा

नेरूळमधील आमच्या सोसायटीने जुन्या औषधांसाठी पहिल्यांदा पेटी ठेवली, तेव्हा ती भरल्यावर कोण नेणार, हे आम्ही कोणालाच विचारले नव्हते. दोन महिन्यांत पेटी काठोकाठ भरली, पुढे कित्येक आठवडे जिन्याखाली पडून राहिली आणि अखेर एका सकाळी तिच्यातील सगळी औषधे घंटागाडीत गेली. त्या दिवसाचे मला आजही वाईट वाटते. म्हणून ज्यांना आपल्या इमारतीत हा उपक्रम सुरू करायचा आहे, त्यांनी कामाची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया आणि फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांना घरगुती घातक कचरा म्हटले आणि अशा कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आहे, म्हणून सध्या लागू असलेल्या घनकचरा नियमांचा आधार घेऊन सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करावा. नवी मुंबईत तो विभाग कार्यालयात आणि ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयात द्यावा, आणि औषधे कुठे पोहोचवायची, कोणत्या दिवशी, व पोच कोण देणार, हे तीन प्रश्न त्यात स्पष्ट विचारावेत. तोंडी होकारावर थांबू नये. दुसरा मार्ग म्हणजे जवळचे एखादे रुग्णालय. रुग्णालयांतील टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्याच्या सामाईक केंद्राकडे जातात आणि तेथे उच्च तापमानाला जाळली जातात. आपल्या पिशव्या स्वीकारण्याचे बंधन रुग्णालयावर नसते. पण सभासदांपैकी कोणी डॉक्टर असतील, तर त्यांच्या शब्दाने लेखी संमती मिळू शकते. मेडिकलवाल्यांवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये, कारण त्यांचा मुदत संपलेला माल बिलाच्या आधारे वितरकाकडे परत जातो आणि घरातल्या अर्ध्या कापलेल्या पट्ट्यांना त्या व्यवहारात जागा नसते.

एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न सभेत हमखास येतो. बेसिनमध्ये ओतलेले औषध मलप्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचते. पण ती केंद्रे मैला आणि सेंद्रिय भार कमी करण्यासाठी बांधलेली असतात, विरघळलेली औषधे पूर्णपणे काढून टाकण्यासाठी नव्हे. पुढे ते पाणी खाडीला मिळते, आणि आपल्या ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला आहे. कचऱ्यात टाकलेली अखंड पट्टी कचरावेचकाच्या किंवा एखाद्या लहान मुलाच्या हाती लागते, ही भीती त्याहूनही जवळची आहे.

पेटी लोखंडी असावी, तिला टपालपेटीसारखी अरुंद फट असावी, म्हणजे आत हात जाणार नाही, आणि कुलपे दोन असावीत. एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी सभासदांपैकी एखाद्या फार्मासिस्ट किंवा परिचारिकेकडे. ती जिन्याखाली किंवा उन्हात न ठेवता कार्यालयाच्या आत, नजरेसमोर ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत गोळ्या फुगतात आणि सिरपच्या बाटल्यांना चिकट ओघळ येतात, म्हणून पहिले संकलन मे महिन्यातच उरकणे मला सोयीचे वाटते.

घरी काय करायचे, हे सूचनाफलकावर ठळक लिहावे. बाहेरचा खोका आणि आतला माहितीचा कागद सुक्या कचऱ्यात द्यावा. गोळ्या पट्टीतून काढू नयेत, कारण सुट्ट्या गोळ्या ओळखता येत नाहीत. मात्र पट्टीवर काळ्या मार्करने आडवी रेघ मारावी, म्हणजे ती पुन्हा कोणी विकू शकणार नाही. रुग्णाचे नाव असलेली चिठ्ठी फाडून टाकावी. पातळ औषध त्याच्याच बाटलीत, झाकण घट्ट करून, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे. पट्टीवर ०६/२०२५ असे छापलेले असेल, तर ती मुदत जून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते. पण पाणी घालून तयार केलेले अँटिबायोटिक सिरप बहुधा आठवडाभरच टिकते आणि उघडलेले डोळ्यांचे थेंब साधारण महिन्याभरात टाकावे लागतात, मग बाटलीवरची तारीख काहीही असो.

काही वस्तू या पेटीत कधीही येऊ देऊ नयेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण बंद करून डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारून द्याव्यात. इनहेलरच्या डबीत दाब असतो, ती टोचू किंवा जाळू नये. कर्करोगाच्या गोळ्या हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधाव्यात आणि जिथे उपचार झाले त्याच रुग्णालयाकडे परत न्याव्यात. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपाम अशा तीव्र वेदनाशामक व गुंगी आणणाऱ्या औषधांचा प्रश्न वेगळा आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये अशी १७ औषधे सांगितली आहेत, जी चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. ती उरली तर शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे तिचे मार्गदर्शन आहे. खाडीचा विचार करता हे मनाला बोचते, पण अशा गोळ्या सामाईक पेटीत जमा होणे अधिक धोक्याचे आहे, म्हणून मी हा अपवाद मान्य करते.

न वापरलेली चांगली औषधे गरिबांना द्यावीत, ही सूचनाही येतेच. भावना खरी आहे. तरीही रुग्णांना दिलेली आणि त्यांनी परत केलेली औषधे दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण ती घरात कशी ठेवली होती, हे कोणालाच ठाऊक नसते. फ्रिजमधल्या औषधांबाबत तर हा विचारच नको.

पेटी उघडताना दोन्ही किल्लीधारक हजर असावेत, हातमोजे आणि मास्क घालावेत आणि मुलांना त्या कामापासून लांब ठेवावे. आत आलेली प्रत्येक पट्टी वाचत बसण्याची गरज नाही. सुई किंवा इनहेलर दिसला तर तेवढा चिमट्याने बाजूला काढावा, पिशवीचे तोंड बांधावे, वजन करावे आणि वहीत तारीख, पिशवीचा क्रमांक, किलो आणि नेणाऱ्याची सही एवढेच लिहावे. कोणी काय टाकले, याची नोंद ठेवू नये. पोचपावती मिळाली की तिची एक प्रत सूचनाफलकावर लावावी आणि त्यानंतरच पेटीत नवी पिशवी घालावी.